जपानी गाणं आणि आपली कोरडी पोरं

मागच्या महिन्यात जुम्याच्या नमाजनंतर एका विद्यार्थ्याच्या अब्बांनी मला मशिदीबाहेर गाठलं. "सर, लडका हाथ से जा रहा है. रात को जपान का गाना सुनता है और रोता है." मोबाइल त्यांनी काढून घेतला होता, इअरफोन तोडून टाकले होते. आता सरांनी समजवावं, एवढीच अपेक्षा.

मी समजावलं. मास्तर माणूस, दुसरं काय करणार! मधल्या सुट्टीत त्याला बोलावून दहावीचं वर्ष, वाईट नाद, परकी संस्कृती असं सगळं ऐकवलं. पोरगा खाली मान घालून उभा होता. शेवटी एवढंच म्हणाला, "सर, तुम्ही ऐकलंय का ते?"

नव्हतं ऐकलं. ज्या गोष्टीवर मी दहा मिनिटं बोललो, ती मी एक मिनिटही ऐकलेली नव्हती. त्या रात्री ऐकली.

'एक्स जपान' नावाच्या रॉक बँडचा 'आर्ट ऑफ लाइफ' हा १९९३ सालचा अल्बम. अख्ख्या अल्बममध्ये गाणं एकच, २९ मिनिटांचं. ते रचलं योशिकीने, बँडमध्ये ड्रम आणि पियानो वाजवणारा तोच. तो लहान असताना त्याच्या वडिलांनी आत्महत्या केली होती, आणि ते दुःख आपल्या संगीतात कसं उतरलं हे त्याने स्वतः जाहीरपणे सांगितलेलं आहे.

पहिली काही मिनिटं मला त्रासाची गेली. गिटार, ड्रमचा मारा, मागे व्हायोलिनांचा ताफा, वर टोशीचा ताणलेला आवाज. शब्द इंग्रजी, पण मला निम्मे कळले नाहीत. मग मध्येच सगळं थांबतं आणि फक्त पियानो उरतो. एक छोटीशी चाल पुन्हा पुन्हा येत राहते आणि तिच्यावर दुसरा पियानो वेडावाकडा कोसळत राहतो. घरात कुणीतरी हळू रडतंय आणि बाजूच्या खोलीत कुणीतरी भांडी आपटतंय, तसं. हे बराच वेळ चालतं. मी दोनदा बंद करायला हात नेला आणि दोनदा मागे घेतला.

तेव्हा मला त्याच्या दादीची मय्यत आठवली. या पोराला लहानाचं मोठं दादीने केलं. ती उन्हाळ्यात गेली. पोराने जनाजाला खांदा दिला, कबरीवर तीन मुठी माती टाकली, डोळ्यांत टिपूस नाही. लोकांनी पाठ थोपटली, "मर्द बच्चा है." त्या थोपटणाऱ्यांत मीही होतो. तो रडला तीन महिन्यांनी, बंद खोलीत, रात्री, कानात जपानी ड्रम घालून. आणि त्याची त्याला शिक्षा झाली.

आता आपल्या हरकती एकेक करून बघू.

पहिली हरकत, शब्द कळत नाहीत तर रडू कसं येतं? ही हरकत घेणाऱ्यांनी इमाम गझाली वाचावेत. 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये समा आणि वज्द यांवर त्यांचं स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात ते उंटाचं उदाहरण देतात. ओझ्याने थकलेला उंट उंटवाल्याचं गाणं ऐकून वाळवंट तुडवत निघतो. उंटाला कुठे शायरी कळते? गझालींचं म्हणणं असं, की संगीत मनात नवीन काही आणून टाकत नाही, जे आधीच आत आहे ते हलवतं. पोराच्या आत दादी होती. ती जपानने पाठवलेली नव्हती.

दुसरी हरकत, हे हराम आहे. मी मुफ्ती नाही. गझालीही सगळ्याला सूट देत नाहीत, काही वाद्यांना ते स्पष्ट मनाई करतात. अर्धे गझाली सांगून मला वाद जिंकायचा नाही. उलेमांमध्ये या प्रश्नावर शेकडो वर्षांचा मतभेद आहे. पण आपल्याच खानदेशची राजधानी बुऱ्हाणपूर ज्यांच्या नावाने वसली, ते खुलताबादला विसावलेले बुऱ्हाणुद्दीन गरीब समाचे मोठे आशिक होते, हेही विसरू नका. जो मनापासून सगळंच संगीत टाळतो त्याच्याबद्दल मला आदर आहे. माझं भांडण त्यांच्याशी आहे, जे भावाच्या वरातीत डीजेच्या भिंतीपुढे नाचतात, गाडीत रात्रभर कव्वाली लावतात आणि ज्यांना मसला आठवतो तो थेट पोराच्या इअरफोनपाशी.

तिसरी हरकत मला शाळेतच ऐकू आली, तीही बिगरमुस्लिम सहकाऱ्याकडून. आपले अभंग, आपली अहिराणी गाणी काय कमी आहेत, म्हणून जपानला जायचं? कमी नाहीतच. पण कोणत्या दुःखाला कोणतं गाणं सापडेल हे आपण ठरवत नसतो. आणि हे आपण अमळनेरात बसून बोलतोय! याच गावात साने गुरुजींनी १९२४ ते १९३० प्रताप हायस्कूलमध्ये शिकवलं, वसतिगृहातल्या पोरांचं आजारपण काढलं. त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं, आणि पुढे इस्लामी संस्कृतीवरही पुस्तक लिहिलं. लोकांनी त्यांना रडके म्हणून हिणवलं. आज आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो आणि तिच्याच खाली उभे राहून पोराला म्हणतो, "बायकांसारखा रडतोस काय?"

खरी हरकत ही आहे. बाकीच्या तिन्ही तिला झाकायला आणलेल्या चादरी आहेत. तो रात्री हेच गाणं ऐकून हसला असता, तर अब्बा माझ्याकडे आले नसते. आपल्याला पोरगा रडलेला चालत नाही.

आणि याला आपण सबर म्हणतो! नबी करीम सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांचा तान्हा मुलगा इब्राहीम गेला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं. एका सहाबींना नवल वाटलं, तेव्हा ही रहमत आहे असं आपने सांगितलं. मनाई आहे ती गाल बडवून, कपडे फाडून आक्रोश करायला. आसवांना मनाई नाही. मग आसवांवर बंदी घालणारे आपण कोण?

हे गाणं औषध आहे असं मी म्हणत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराने रोज रात्री दार लावून एकट्याने हेच ऐकत बसावं, असंही मला वाटत नाही. पण त्यावर इलाज इअरफोन तोडणं हा नाही. त्याच्याजवळ जाऊन बसा. दादीचं नाव काढा. तिच्या हातची कोणती भाजी त्याला आवडायची ते विचारा. रडला तर गप्प करू नका, आणि स्वतःला रडू आलं तर उठून बाहेर जाऊ नका. दादी त्याची होती, पण आई तुमची होती.

त्या पोराची मी माफी मागितली. त्याच्या अब्बांना सांगितलं, पोराच्या शेजारी बसून २९ मिनिटं ऐका, मग जे बोलायचं ते बोला. त्यांनी अजून ऐकलेलं नाही. मोबाइल मात्र परत दिलाय.