चितारआळीतलं दुकान आणि अंगणवाडीतला घोडा

परवा दोन्ही नातवंडांना घेऊन सावंतवाडीला चितारआळीत गेलो होतो. नात साडेचार वर्षांची, नातू दीड वर्षाचा. पोस्ट लांब आहे, पण ग्रामसभेला जाणाऱ्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

दुकान छोटंच. पुढे लाकडी फळं, आत बैलगाड्या, भोवरे, पाळणे, जाती, पोळपाट-लाटणी. नातीने जमिनीवर बसकण मारली आणि भातुकली मांडायला घेतली. मी ओरडणार तेवढ्यात दुकानदार काका म्हणाले, "खेळांदे ओ तिका. लाकडाचा आसा, लगेच मोडाचा नाय." अर्धा तास ती खेळली. एकदाही कुणी "घेणार असाल तर हात लावा" म्हटलं नाही.

नातवासाठी मी तीच भातुकली उचलली तर काकांनी ती माझ्या हातातून काढून घेतली! "दीड वर्षाचो ना? वाट्यो तोंडात घालतलो." त्याला पांगुळगाडा दिला, आणि बारकं काही सुटं होणार नाही असा खुळखुळा. म्हणजे आपणहून महाग विक्री सोडली. मोबाईलवर खेळणं मागवताना तुमच्या पोराचं वय आजवर कुणी विचारलंय?

तेवढ्यात एक पर्यटक कुटुंब आलं. फोटो काढले, व्हिडिओ काढला, "किती सुंदर परंपरा" झालं. मग साडेतीनशेची बैलगाडी दीडशेला मागितली आणि मिळत नाही म्हटल्यावर निघून गेले. हेच लोक मॉलमध्ये छापील किंमत निमूट मोजतात. पण त्यांना तरी काय बोलू? गेल्या वाढदिवसाला मीच नातवाला बॅटरीवरची आगगाडी ऑनलाइन मागवली होती. महिनाभरात बंद पडली, आता माळ्यावर आहे.

माझा खरा राग पर्यटकांवर नाहीच. आपल्यावर आहे, आपल्या पंचायतीवर आहे.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. हे उपकार नाहीत, नियम आहे. आमच्या गावात (नाव लिहीत नाही, गाववाले ओळखतील) त्यातून अंगणवाडीसाठी खेळणी घेतली. आली काय? प्लास्टिकचा घोडा, प्लास्टिकची घसरगुंडी, प्लास्टिकचे ठोकळे. घोडा उन्हात तडकला. पाय मोडून कोपऱ्यात पडलाय आणि मुलं त्याच्या पाठीत खडे टाकून खेळतात. इथून चितारआळी एसटीने पाऊण तास. तिथे कुणी विचारायलाही गेलं नाही.

ग्रामसभेत मी हे काढलं तर उत्तर आलं, "लाकडी खेळण्यांवर आयएसआय कुठे असतो?" प्रश्न योग्य आहे. लहान मुलं रंग चाटतात, तेव्हा विचारायलाच हवा. पण अर्धाच नियम सांगू नका. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय सक्तीचा झाला हे खरं. त्याच आदेशात विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या मालाला सूट आहे, हेही खरं. मग नोंदणी असलेल्या कारागिराकडूनच थेट घ्या, रंग कोणता वापरला ते लिहून घ्या. ज्यांची नोंदणी नाही त्यांची करायला मदत करा. आणि त्या तडकलेल्या घोड्यावर आयएसआय होता का, ते मी शोधलं. मला तरी सापडला नाही.

दुसरं उत्तर, "लाकडी महाग पडतं." दर दोन वर्षांनी नवा घोडा घ्यायचा असेल तर हिशेब पुन्हा मांडा. माझ्या आईचा पोळपाट-लाटण्याचा खेळ आज नात खेळते. रंग उडालाय, बाकी धड आहे.

आणि हो, तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी २०२२ साली जो राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, त्यातही खेळ आणि स्थानिक खेळण्यांतून शिकवण्यावर भर आहे. कागद दिल्लीहून आला, खेळणी शेजारच्या आळीत आहेत, मधली पंचायत तेवढी झोपलेली.

एके काळी सावंतवाडीच्या राजवाड्याने, शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी, गंजिफा आणि लाखकामाला हात दिला म्हणून ती कला आज दिसते. आता राजाश्रय कुठून आणणार? आता गिऱ्हाईक आपणच. निघताना काकांना विचारलं, मुलगा धंद्यात आहे का? म्हणाले, "गोव्यात कामाक आसा. हंय रवान काय करतलो?" मग पांगुळगाड्याला दोरी बांधून दिली आणि तिचे पैसे घेतले नाहीत.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी महिला सभा होते. बायांनो, तिथे एवढंच मांडा: बालकल्याणाच्या पैशातून खेळणी घ्यायची तर दरपत्रक चितारआळीतूनही मागवायचं, आणि निवडायला अंगणवाडीताई सोबत जाणार. ठराव इतिवृत्तात लिहून घ्या, सही झाल्याशिवाय उठू नका. मी नातीला घेऊन मागच्या रांगेत बसेन.