मद्यपान आणि स्मृतिनाश

दारूनें जमीन जाते, हें व्याख्यानांतून इतक्या वेळां ऐकविलें गेलें आहे कीं ऐकणारास आतां त्याचें कांहींच वाटत नाहीं. परंतु बांध कोठवर, विहिरीवरील पाळी कोणाची, देणें कोणाचें किती, हें सारें ज्या डोक्यांत असतें तें डोकेंच दारूनें रिकामें होतें, याचा विचार आमच्या शेतकरी बंधूंत फारसा झालेला दिसत नाहीं.

पुष्कळ दारू भराभर पोटांत गेली म्हणजे मेंदूंत नव्या गोष्टींची नोंद करणारा भाग काम करीनासा होतो. मनुष्य चालतो, बोलतो, विसारपावतीवर सहीही करतो. पण त्या वेळेची नोंदच झालेली नसते. सकाळीं तो ‘मला आठवत नाहीं’ म्हणतो, ती नेहमीं सबबच असते असें नाहीं. अटी समजूं नयेत इतका नशेंत असलेला मनुष्य नशा असेपर्यंत करार करण्यास असमर्थ होय, असें १८७२ च्या करार कायद्याच्या १२ व्या कलमाखालीं मानलें जातें. तथापि पाहणारास तो शुद्धीवर दिसलेला असतो, म्हणून पुढें कोर्टांत हें शाबीत करणें महाकठीण. बैठकींत झालेल्या अशा व्यवहारास साक्षीदार म्हणून सही घालणाऱ्या प्रतिष्ठितांस आम्ही प्रतिष्ठित म्हणत नाहीं.

याहून भयंकर प्रकार कायमचा. थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, याचा शरीरांतील साठा कांहीं आठवडेच पुरतो. दारूबाजाचें जेवण तुटतें, आणि जें खाल्लें त्यांतील थायमिनही आंतड्यांत नीट शोषलें जात नाहीं. या रोगाचीं लक्षणें जर्मनींत वेर्निके यांनीं १८८१ त व रशियांत कोर्साकोव्ह यांनीं १८८७ त वर्णिलीं. जीवनसत्त्वाचा माग मात्र जावा बेटांतील कोंबड्यांनीं दाखविला. सडलेल्या तांदुळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडत आणि कोंडा दिल्यावर त्या पुन्हां उभ्या राहत, असें आयक्मन यांस आढळलें. त्याच कोंड्यांतून १९२६ त हें द्रव्य शुद्ध स्वरूपांत काढण्यांत आलें. आपण तो गुरांपुढें टाकतों!

नशा उतरल्यावरही मनुष्य पाय फांकून झोकांड्या खाऊं लागला, बुबुळें थरथरूं लागलीं, एकाचीं दोन दिसूं लागलीं किंवा त्यास भ्रम झाला, तर त्याच दिवशीं इस्पितळ गांठावें. तो रोज पिणारा आहे हें डॉक्टरांस लाज न धरितां सांगावें, कारण थायमिनचें इंजेक्शन ग्लुकोजच्या बाटलीच्या आधीं किंवा निदान तिच्याबरोबर द्यावें लागतें. नुसत्या ग्लुकोजनें विकार बळावण्याचा धोका असतो. घरांत कोंडून एकाएकी दारू तोडणेंही घातक आहे. त्यानें झटके येतात.

वेळ टळली म्हणजे जुनें आठवतें, पण सकाळीं घडलेलें दुपारीं उरत नाहीं. मधली रिकामी जागा रोगी कल्पित गोष्टींनीं भरतो व त्या त्याला स्वतःलाही खऱ्या वाटतात. अशा माणसास खोटारडा म्हणून मारहाण करणें हा शुद्ध अडाणीपणा होय.

ऑस्ट्रेलियांत १९९१ पासून पावाच्या पिठांत थायमिन घालणें सक्तीचें आहे. असल्या उपायानें दारूबाजांचें फावतें, असा आक्षेप कोणी घेईल. आम्हांस तो पटत नाहीं. त्यांच्या बायकामुलांचें तरी त्यांत काय फावतें?

दारू सोडून दीर्घ उपचार घेतल्यावर कांहींची स्मृति बरीच परतते, कांहींची मुळींच परतत नाहीं. तोंवर सातबारा, कर्जखातें, पाळीचे वार व उसनवारी यांची लेखी नोंद घरांतील दुसऱ्या कर्त्या माणसाच्या, मग ती घरधनीण कां असेना, हातीं असावी.