पस्तीस सेकंदांची तालीम

आधी एक साधा हिशोब मांडू. आठवीचा वर्ग, पटावर ६० मुलं, आठवड्यातून ३५ मिनिटांचा संगीताचा एक तास. आता भागाकार करा. प्रत्येक मुलाच्या वाट्याला येतात ३५ सेकंद. त्यातून हजेरी, 'सर, पाणी पिऊन येऊ?' आणि मागच्या बाकावरची मारामारी वजा करा. उरलेल्या वेळात आपल्या शाळा म्हणे मुलांना शास्त्रीय संगीत 'शिकवतात'!

आपल्यातले बहुतेक जण दिवसभर एस्टिमेट, रिसोर्स आणि डेडलाइन ह्या तीन शब्दांवर पोट भरतात. एखाद्या मॅनेजरनं ६० जणांना आठवड्याला माणशी ३५ सेकंद देऊन वर्षाच्या शेवटी 'डिलिव्हरी' मागितली, तर चहाच्या टपरीवर आपण त्याचा कसा उद्धार करू ते सांगायला नको. शाळेच्या बाबतीत मात्र आपण आईबाप म्हणून, मामा-आत्या म्हणून गॅदरिंगला जातो, टाळ्या वाजवतो, मोबाइलवर शूटिंग करतो आणि घरी येतो. त्या तासाचं नियोजन कोणी केलंय, कशासाठी केलंय, त्यावर खर्च किती, हे विचारायचं आपल्याला सुचतही नाही.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. माध्यमिक शाळेनं गायक घडवायचं सोंग बंद करावं, ऐकणारे तयार करावेत, आणि त्या कामासाठी एक माणूस धड पगारावर नेमावा.

आता ह्यावर दोन बाजूंनी दगड येणार. एक बाजू सोवळ्यातल्या मंडळींची. 'शास्त्रीय संगीत ही गुरुमुखी विद्या, ती शाळेच्या तासात बसत नाही,' हे त्यांचं पालुपद. बरं, मग विष्णु दिगंबर पलुसकरांनी काय केलं? कुरुंदवाडचा हा माणूस मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे अस्सल गुरुगृही शिकला, आणि १९०१ साली लाहोरला जाऊन त्यानं गांधर्व महाविद्यालय काढलं. वर्ग, वेळापत्रक, पाठ्यक्रम, सगळं. दुसरे भातखंडे. पेशानं वकील. घराण्यांच्या पोतडीतल्या बंदिशी गोळा करून त्यांनी त्या स्वरलिपीत छापल्या, 'क्रमिक पुस्तक मालिका'चे सहा भाग काढले, आणि १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज उभं करण्यात पुढाकार घेतला. म्हणजे गाणं वर्गात आणायची खटपट आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. 'वर्गात होत नाही' म्हणून हात झटकायचे दिवस कधीच सरले. वर्गात नेमकं काय होऊ शकतं, हा खरा प्रश्न आहे.

दुसरी बाजू व्यवहारी मंडळींची. ही जास्त धोकादायक, कारण ही बहुसंख्य आहे. ह्यांचा प्रश्न एकच असतो, 'मार्क किती मिळतात?' शास्त्रीय गायन, वादन, नृत्य ह्यांच्या ठरावीक परीक्षा पास झालेल्या मुलांना महाराष्ट्रात दहावीला वाढीव गुण मिळतात. हेतू चांगला आहे, मान्य. पण जरा सिस्टीमकडे बघा. ते गुण मिळवायचे तर आधी दोन-चार वर्षं बाहेरचा क्लास हवा. क्लास म्हणजे फी, नेणं-आणणं, घरात पेटी, आणि संध्याकाळी मोकळा असलेला एक पालक. ज्याच्या घरी हे सगळं आहे त्याला सरकार वर गुणही देतं. ज्याच्या घरी नाही त्याला शाळेनं काय द्यायचं? तर ३५ सेकंद!

परीक्षा घेणाऱ्या मंडळांना मी दोष देत नाही. गावोगावच्या मुलांना प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा पायऱ्या त्यांनी बांधून दिल्या, हे काम मोठंच आहे. माझा राग आहे तो शाळांवर, आपल्या तासाचा उद्देशच त्या परीक्षांकडे आउटसोर्स करून मोकळ्या झालेल्या. 'आमच्याकडे परीक्षेला बसवतात' हे अ‍ॅडमिशनच्या पत्रकात छान दिसतं. पण वर्गातल्या साठांपैकी परीक्षेला बसतात सात-आठ. बाकीच्या पन्नासांचं काय? ते मागे बसून गणिताचा गृहपाठ उरकतात.

आणि कायदा काय म्हणतो? शिक्षण हक्क कायदा, २००९. त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी लिहिलंय की शाळेचा पट शंभराच्या वर असेल तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण ह्यांसाठी अर्धवेळ निदेशक हवेत. शब्द नीट वाचा. 'अर्धवेळ', आणि 'कला'. त्या एका 'कला' शब्दात चित्रकला, संगीत, नाट्य सगळे चेंगरून उभे. आणि चेंगराचेंगरीत जिंकते बहुतेक वेळा चित्रकला, कारण कागदावर काढलेलं चित्र भिंतीवर लावून साहेबांना दाखवता येतं. मुलानं सम ओळखली ती कुठल्या भिंतीवर लावणार? शिवाय कायदा आठवीला संपतो. नववी-दहावी वाऱ्यावर. पुढे २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण आलं, २०२३ चा शालेय अभ्यासक्रम आराखडा आला, कला हा अवांतर नसून अभ्यासाचाच भाग आहे असं कागदावर आलं. छान झालं. पण कागदाला गळा नसतो हो. शिकवायला माणूस लागतो.

ह्या सगळ्यात सगळ्यात वाईट वागणूक कोणाला मिळते? आवाज फुटलेल्या मुलग्यांना. माझा भाचा तेरा वर्षांचा. सहावीपर्यंत समूहगीतात पहिल्या रांगेत असायचा. ह्या वर्षी आवाज फुटला, वरचा षड्ज लागेना. त्याला सांगण्यात आलं, 'तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नकोस.' पोरानं घरी येऊन हे हसत हसत सांगितलं, पण त्यानंतर तो बाथरूममध्येसुद्धा गायलेला नाही. शाळेचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा एका शाळेचा नाहीच. साधारण बारा ते पंधरा ह्या वयात मुलग्यांचा आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. हे सगळ्या जगाला ठाऊक आहे आणि माध्यमिक शाळा म्हणजे नेमकं हेच वय. तरी संगीताच्या तासाच्या आराखड्यात ह्याची एक ओळ नाही! रिलीजच्या तारखेलाच सर्व्हर बंद असणार हे माहीत असून कोणी प्लॅन करत नाही, तसलाच हा प्रकार.

बरं, नुसती ओरड करून थांबणं हा आपल्या पेशाचा धर्म नव्हे. पर्याय द्यावा लागतो. तो असा.

पहिलं म्हणजे वेळ. कायद्यानं सहावी ते आठवीला वर्षाचे किमान २२० दिवस शाळा भरायला हवी. म्हणजे सहा दिवसांच्या हिशोबानं ३६-३७ आठवडे. त्यातून परीक्षा, सहल, गॅदरिंग आणि 'आज संगीताच्या तासाला विज्ञानाचा पोर्शन पूर्ण करू' हे सगळं काढलं, तर २८ तास हातात धरावेत. २८ गुणिले ३५ म्हणजे ९८० मिनिटं, सोळा तासांच्या थोडं वर. दहावीचं वर्ष कोणी देणार नाही, त्यामुळे त्यावर डोकं फोडू नये. आठवी आणि नववी मिळून ३२ तास. एवढ्यात गायक होत नाही. कान मात्र नक्की तयार होतो.

दुसरं, ते २८ तास वापरायचे कसे.

पहिले चार तास फक्त तानपुरा आणि षड्ज. चार तारा वाजतायत, डोळे मिटा, आपला सा त्यात मिसळा. वर्गाची पट्टी एकच ठेवायची नाही. मुलींना काळी चार, आवाज उतरलेल्या मुलग्यांना काळी एक. एक गट गाईल तेव्हा दुसरा हातानं ताल धरेल. एवढी एक गोष्ट केली तरी 'ओठ हलव' बंद होईल.

पुढचे सहा तास ताल. ह्याला वाद्यसुद्धा लागत नाही, हात पुरतात. तीनतालाच्या १६ मात्रा, १, ५ आणि १३ वर टाळी, ९ वर खाली. मग १० मात्रांचा झपताल, मग ७ मात्रांचा रूपक, ज्याची समच खालीवर येते. पोरांना असली गंमत फार आवडते. रॅप करणारी मुलं तर हे दोन तासांत उचलतील.

मग दहा तास, पाच राग, प्रत्येकी दोन. भूप आणि देशकार लागोपाठ घ्यावेत. दोघांत तेच पाच स्वर, सा रे ग प ध. पण भूप गंधारावर रेंगाळतो आणि देशकार धैवतावर, की चेहराच बदलतो. राग म्हणजे नुसती स्वरांची यादी नव्हे, हे दहा व्याख्यानांनी कळत नाही ते ह्या जोडीनं एका तासात कळतं. त्यानंतर दुर्गा, यमन आणि वृंदावनी सारंग. सारंग आवर्जून, कारण तो दुपारचा राग आणि शाळाही बऱ्याच ठिकाणी दुपारचीच. रागाची वेळ आणि शाळेची वेळ कुठेतरी जुळू दे की!

पाच तास निव्वळ ऐकायचे. एकेका तासाला एकच पंधरा-वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग, आणि काम एकच, सम आली की हात वर करायचा. परीक्षा, पेपर, तोंडी काही नको. सुरुवातीला साठांपैकी पाच हात वर येतील. पाचव्या तासाला किती येतात ते मोजा, तेच प्रगतिपुस्तक. आपल्याला एक सोय आणखी आहे. नाट्यसंगीत आणि अभंग ह्या दोन वाटांनी मराठी पोरांच्या कानावर राग न कळत पडलेले असतात. तिथून सुरुवात केली तर ख्याल परका वाटत नाही.

उरलेले तीन तास समोर बसून गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसाचे. स्पिक मॅके ही चळवळ १९७७ पासून देशभरच्या शाळा-कॉलेजांत हेच करत आलीय. नवीन शोध लावायची गरज नाही.

तिसरं आणि सगळ्यात अवघड, माणूस. एका शाळेत आठवी-नववीच्या तीन-तीन तुकड्या धरल्या तर आठवड्याला सहाच तास होतात. एवढ्यासाठी पूर्णवेळ शिक्षक कोणती शाळा नेमणार? मग येतात ते तासावर पैसे घेणारे सर, चार ठिकाणी धावणारे, सुट्टीत पगार नसलेले, आणि गॅदरिंग झालं की 'जूनमध्ये बघू' ऐकणारे. अशा माणसाकडून दोन वर्षांचा आराखडा राबवून घ्यायचा? शक्य नाही. पण जवळजवळच्या चार शाळा एकत्र आल्या तर सहा चोक चोवीस तास होतात. चार दिवस, रोज एक शाळा, रोज सहा तास. पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या चारही शाळांतली ज्यांना खरंच गायचंय अशी दहा-बारा मुलं एकत्र, आणि त्यांना खरी तालीम. सहाव्या दिवशी तयारी. ही झाली एक पूर्णवेळ नोकरी. चार शाळांनी पगार वाटून घ्यायचा, बारा महिन्यांचा. शहरात एका किलोमीटरमध्ये चार शाळा सापडणं मुळीच कठीण नाही. कठीण आहे ते चार संस्थाचालकांनी एका टेबलावर बसणं.

सामानाचं म्हणाल तर एक बरी पेटी, एक तबला-डग्गा, एक चांगला स्पीकर. तानपुरा मोबाइलच्या अ‍ॅपवर चालेल, पण वर्षातून एकदा तरी खरा तानपुरा वर्गात आणून मुलांना त्याची तार छेडू द्यावी. मिरजेचे तानपुरे जगभर जातात, २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं, आणि आपल्या पोरांनी ते फक्त स्क्रीनवर बघावेत? देखभालीचे पैसे मात्र वेगळे काढून ठेवा. पावसाळ्यात तबल्याची पुडी ढिली पडते, पेटीत उंदीर शिरतो, आणि तीनशे रुपयांच्या दुरुस्तीवाचून वर्षभर तास बंद राहतो. ज्या शाळा भिंतीवरच्या डिजिटल फळ्यावर लाखभर रुपये घालतात, त्यांनी पैसे नसल्याचं कारण तरी सांगू नये.

'पण ह्यातून मिळणार काय?' हा प्रश्न येणारच. ज्या मुलाच्या घरी क्लासची फी परवडत नाही, त्याला तानपुरा ऐकायला मिळण्याची जागा शाळा सोडून दुसरी नाही. ती आपण बंद करायची आणि मग 'हे संगीत मूठभर लोकांचंच' म्हणून नाकं मुरडायची, हा दुटप्पीपणा आहे. ते मूठभर लोकांचं राहिलं, कारण मूठ उघडायची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांनी तास विज्ञानाला देऊन टाकला.

असो. पुढच्या पालकसभेत बसची फी आणि युनिफॉर्मचा दुकानदार ह्यावर एक तास घालवून झाला की तीन प्रश्न विचारा. गेल्या वर्षी संगीताचे तास किती ठरले होते आणि प्रत्यक्षात किती झाले? संगीताच्या शिक्षकांना मे महिन्याचा पगार मिळतो का? आणि आवाज फुटलेला मुलगा त्या तासाला काय करतो? तिन्हींची उत्तरं नीट मिळाली तर शाळेला माझा नमस्कार सांगा. नाही मिळाली, तर तुम्हाला प्रोजेक्ट प्लॅन करता येतो ना? मग एखादा रविवार शाळेलाही द्या.