खालच्या जबड्यापासून सुरुवात

गेल्या महिन्यात एक आजी दवाखान्यात आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, सोबत मुलगा. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी पिशवीतून स्टीलची डबी काढली आणि ट्रेवर ठेवली. डबीत रुमालाच्या तुकड्यात गुंडाळलेल्या दोन कवळ्या. दोन्ही खालच्या. वरची तोंडातच होती, आठ वर्षांची जुनी, आणि अजून ओढल्याशिवाय निघत नव्हती.

"वरच्याची काही तक्रार नाही," आजी म्हणाल्या. "खालची घास घेतला की जिभेवर तरंगते. म्हणून जेवायला बसले की काढून ठेवते. लग्नाकार्याला घालते."

त्या दोनांपैकी एक कवळी माझ्याच हातची होती. कडा तीनदा घासून दिल्याच्या खुणा तिच्यावर स्पष्ट दिसत होत्या. मुलगा मात्र घरूनच निर्णय घेऊन आला होता. "डॉक्टरसाहेब, वर-खाली सगळेच स्क्रूचे करून टाकू. किती होतील?"

हा प्रश्न आता आपल्यापैकी प्रत्येकाला आठवड्यातून दोन-तीनदा तरी विचारला जातो. त्याची सवय पेशंटला आपणच लावली आहे. रिसेप्शनवरच्या दरपत्रकात साधी कवळी सर्वांत खाली, त्यावर न तुटणारी, त्यावर फ्लेक्सिबल आणि शिखरावर इम्प्लांट. जणू ही एकच शिडी, आणि खिशात जितका दम तितकी वरची पायरी. पेशंट पायरी मोजतो, आपण कोटेशन देतो. जबडा कसा आहे हा विषय एक्स-रे काढल्यावर, म्हणजे भाव ठरल्यानंतर निघतो.

माझं म्हणणं एवढंच की वरचा जबडा आणि खालचा जबडा ही दोन वेगळी कामं आहेत. ती एकाच पॅकेजमध्ये विकायची सवय मोडू या आणि विचाराची सुरुवात खालून करू या.

कॉलेजात पाठ केलेला आकडा आठवून पाहा. वरच्या कवळीला टेकायला साधारण २३ चौरस सेंटिमीटर जागा मिळते, खालच्या कवळीला १२च्या आसपास. वर टाळूचा अख्खा घुमट हाताशी. खाली नालेसारखी अरुंद पट्टी, तिच्या आत सतत वळवळणारी जीभ आणि बाहेर गालाचे स्नायू. त्यात झीज. टॅलग्रेन यांचा १९७२चा २५ वर्षांच्या पाठपुराव्याचा अभ्यास सर्वांना माहीत आहे: खालच्या जबड्याच्या पुढच्या भागातलं हाड वरच्यापेक्षा सुमारे चौपट झिजतं. म्हणजे मुळात निम्मी जागा आणि तीही चौपट वेगाने जाणारी. आजींची वरची कवळी आठ वर्षं टिकते आणि खालची दोन वेळा फसते, यात माझं कौशल्य वर जास्त आणि खाली कमी होतं असं मानायचं कारण नाही. (थोडं कमी होतं. त्यावर पुढे येतो.)

ब्रेनेमार्क यांनी १९६५ साली गोथेनबर्गमध्ये पहिल्या पेशंटला, यॉस्टा लार्सन यांना, टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले तेही खालच्याच जबड्यात. २००६ साली लार्सन वारले तेव्हा इम्प्लांट लावून चाळीस वर्षं उलटून गेली होती. पुढे २००२ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं की दात पूर्ण गेलेल्या खालच्या जबड्याला पहिला पर्याय म्हणून दोन इम्प्लांटवरची काढघालीची कवळी द्यावी. २००९च्या यॉर्क निवेदनानेही तेच धरलं. वरच्या जबड्याबद्दल असा आग्रह कुणी धरलेला नाही. वर हाड मऊ, मध्ये सायनस, इम्प्लांट किमान चार लागतात आणि अपयशही तुलनेने जास्त. शिवाय वरची चांगली कवळी बहुतेकांना पुरते.

हे कॅनडा-इंग्लंडचं झालं, आपल्याकडे पैसे कोण देणार, असं कुणी म्हणेल. म्हणेल ते बरोबरच. पण आपल्याकडे गंमत अशी की 'साधी कवळी' आणि 'सगळे पक्के' यांच्यामधली ही पायरी पेशंटला दाखवलीच जात नाही. साध्या कवळीत मिळकत कमी, आठ-दहा इम्प्लांटमध्ये जास्त, आणि दोन इम्प्लांटचं काम धड इकडचं ना तिकडचं. ज्या शेतकऱ्याच्या घरात आठ इम्प्लांटचा खर्च निघत नाही, तिथे दोनांचा निघू शकतो. पण त्यासाठी दोनांचा उल्लेख कुणी करायला तर हवा.

आता या दोन इम्प्लांटच्या कामातले खाचखळगे, कारण पेशंट नाराज होतो तो तिथेच. पहिली अडचण उंचीची. नुकतेच दात काढलेल्या, हाड भरपूर असलेल्या पेशंटमध्ये आपण खूश होतो, आणि नंतर लक्षात येतं की अटॅचमेंट आणि दात यांच्यात ॲक्रेलिकला जागाच उरली नाही. सहा महिन्यांत कवळी नेमकी इम्प्लांटवरच तडकते. बार घालायचा तर उंची आणखी लागते. म्हणून आधी दातांची ट्रायल लावा, उंची मोजा आणि मगच ड्रिल हातात घ्या. आपल्याकडे बऱ्याचदा हे उलट्या क्रमाने होतं.

दुसरी अडचण हातांची. कंपवात असलेल्या एका निवृत्त शिक्षकांना मी दोन लोकेटरवर कवळी दिली आणि पकड छान यावी म्हणून सगळ्यांत घट्ट नायलॉन बसवलं. पंधरा दिवसांनी त्यांच्या सूनबाई आल्या. "बाबांना ती निघत नाही. मलाही निघत नाही. तीन दिवस काढलेलीच नाही." आत हिरडी लालभडक झाली होती. पांढरं काढून निळं, सर्वांत सैल, नायलॉन घातलं आणि काम भागलं. पण पेशंटच्या हाताकडे मी पहिल्या दिवशी पाहिलं असतं तर ते पंधरा दिवस वाचले असते. आता मी प्रत्येकाला शर्टाचं बटण लावून दाखवायला सांगतो. हे नायलॉन झिजतं आणि बदलावं लागतं, त्याचे पैसे पडतात, हेही पहिल्याच बैठकीत सांगायचं असतं. न सांगितलं तर दोन वर्षांनी 'स्क्रू ढिले झाले' अशी तक्रार गावभर होते.

तिसरी, वरच्या कवळीची. खाली पकड आली की पेशंट पुढच्या दातांनी जोर लावू लागतो आणि इतकी वर्षं शांत असलेली वरची कवळी मागून सुटायला लागते. वर पूर्ण कवळी आणि खाली फक्त पुढचे नैसर्गिक दात असले की काय होतं ते केली यांनी १९७२ साली दाखवलं आहे. त्याच वाटेची ही सौम्य आवृत्ती. मागच्या दाढांचा चावा नीट ठेवा, पुढचे दात टेकू देऊ नका आणि वरच्या कवळीला वेळेवर रीलाइन करा.

आणि हे सगळं खालची कवळी मुळात नीट बनली असेल तरच. आजींची कवळी मी परत हातात घेऊन पाहिली तेव्हा जिभेकडची कड मागे अर्धवटच सोडलेली होती. त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती हे मला आठवतं. अल्जिनेटचं एक माप घेऊन थेट लॅबला पाठवायचं आणि स्पेशल ट्रे, ग्रीन स्टिक, बॉर्डर मोल्डिंग हे सगळं 'परीक्षेपुरतं' म्हणून सोडून द्यायचं, हा आता रिवाजच झाला आहे. इम्प्लांटने वाईट कवळी चांगली होत नाही. ती फक्त जागेवर राहते आणि जागेवरच टोचते.

आठ-दहा इम्प्लांट किंवा चारांवरचे पक्के दात यांना माझा विरोध नाही. पन्नाशीतला, हाड शाबूत असलेला, काढघालीची कल्पनाही सहन न होणारा पेशंट असेल तर जरूर करावं. पण जाहिरातीत 'एका दिवसात पक्के दात' म्हणतात तेव्हा त्या दिवशी मिळतात ते तात्पुरते ॲक्रेलिकचे दात. कायमचे काही महिन्यांनी होतात, आणि मधल्या काळात पथ्य असतं. हे वाक्य त्याच अक्षरांत छापायला काय हरकत आहे? दुसरा प्रश्न: पुढे पंचाहत्तरीत, पक्षाघातानंतर, हे पक्के दात घासणार कोण? काढघालीची कवळी सून नळाखाली धुऊ शकते. स्क्रूने बसवलेल्या पुलाखाली इंटरडेंटल ब्रश घालणं अंथरुणावरच्या माणसाला जमत नाही आणि त्याची सेवा करणाऱ्या बाईला कुणी शिकवलेलं नसतं.

थोडे दात उरलेले असतील तर वेगळा हिशेब, तो थोडक्यात. फ्लेक्सिबल कवळी दिसायला देखणी, पण तिचा भार हिरडीवरच पडतो आणि रीलाइन करायला ती त्रासदायक. तात्पुरतं म्हणून ठीक. कास्ट पार्शल आपण जवळपास विसरलोच आहोत. आणि एकच शेवटची दाढ नसेल तर काही न करणं हाही उपचार आहे. पण एक गोष्ट ठासून सांगायची आहे: खालचे दोन सुळे हलत नसतील तर 'सगळे काढून टाकू'च्या नादात ते काढू नका. क्रम आणि रूनी यांच्या १९७८च्या पाच वर्षांच्या अभ्यासात, सुळ्यांची मुळं राखून वर कवळी दिलेल्यांचं पुढचं हाड सरासरी ०.६ मिलिमीटर झिजलं. सगळे दात काढलेल्यांचं ५.२ मिलिमीटर. रूट कॅनल करून, मूळ बुटकं करून ठेवायचं. इम्प्लांटच्या मानाने खर्च किरकोळ. इम्प्लांटची जागा म्हणून आपण सीबीसीटीवर ज्या दोन ठिकाणी खूण करतो, तिथेच ते उभे असतात.

आपल्या भागातल्या तोंडांबद्दलही एक-दोन गोष्टी. मिश्री आणि सुपारी यांची सवय विचारल्याशिवाय कुठलाच आराखडा करू नये. फायब्रोसिसने तोंड दोन बोटंही उघडत नसेल तर इम्प्लांटचा हँडपीस जाणार कुठून, आणि अखंड कवळी तरी आत कशी जाणार? मधुमेहाचा एचबीए१सी आपण आता मागतो. पण 'औषधं कुठली चालू आहेत?' या प्रश्नाला रक्तदाब आणि साखर एवढंच उत्तर येतं. 'आठवड्यातून एकदा, रिकाम्या पोटी, उभं राहून घ्यायची हाडांची गोळी आहे का? सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन?' असं विचारा. ती गोळी अनेकांच्या हिशेबी औषध नसतेच, आणि जबड्याचं हाड मरण्याचा धोका मात्र तिच्यामुळेच असतो.

कायद्याचं एकच. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात संमतीसाठी पेशंटला काय काय सांगायला हवं ते स्पष्ट केलं, आणि त्यात उपलब्ध पर्यायांचाही समावेश आहे. पेशंटला फक्त दोन टोकं दाखवून मधलं लपवलं तर ती संमती किती टिकेल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

आजींचं सांगायचं राहिलं. "काय खायचं आहे?" असं विचारल्यावर त्यांनी मुलाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "भाजलेले शेंगदाणे." साखर आटोक्यात, हाडांची गोळी नाही, बटण चटकन लावलं. मुलाला मी सांगितलं की वर काही करायचं नाही, फक्त रीलाइन. खाली नवी कवळी, यावेळी पूर्ण माप घेऊन, आणि मग दोन इम्प्लांट. त्याचा चेहरा थोडा उतरला. आईसाठी मोठं काहीतरी करायचं त्याच्या मनात होतं. मग त्याने खर्चाचा हिशेब केला आणि चेहरा परत वर आला.

जाताना आजींनी डबी मागे ठेवली. म्हणाल्या, आता हिचं काय काम. मी ती परत हातात दिली. रात्री कवळी काढून ठेवायचीच आहे, फक्त रुमालात नको, पाण्यात.