पदवी, परदेश आणि परवड

परदेशी पदवीबरोबर परदेशी नोकरीही पदरात पडते, ही समजूत आपल्या मध्यमवर्गात घट्ट रुजली आहे. तिच्यापायी बागायती गहाण पडतात, सोनेनाणे मोडले जाते. या समजुतीला कॅनडाने जबर हादरा दिला. २०२४ च्या जानेवारीत तेथील सरकारने नव्या विद्यार्थी-परवान्यांवर मर्यादा घातली. त्या वर्षासाठी सुमारे ३ लाख ६० हजार, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा ३५ टक्के कमी परवाने ठरले. घरटंचाईचे कारण देण्यात आले आणि ते खोटे नव्हते. परंतु स्थानिकांच्या कित्येक पट शुल्क घेऊन ज्यांनी वर्ग भरले, त्यांना ही टंचाई आधी दिसलीच नाही काय?

खरी परवड पदवीनंतर सुरू होते. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, या चक्रात शिकलेसवरलेले अभियंते टॅक्सी हाकताना दिसतात. नियंत्रित व्यवसायांतील ही 'कॅनेडियन अनुभवा'ची अट दूर करण्यासाठी ऑन्टारिओ प्रांताला २०२१ मध्ये कायदा करावा लागला, यातच सारे आले. त्यात कौशल्यांची मागणीही पालटते आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून परवान्यासाठी अर्ज करणाऱ्या, पदवीखेरीज अन्य अभ्यासक्रमांच्या बहुतेक विद्यार्थ्यांना पुढे कामाचा परवाना हवा असल्यास त्यांचा विषय टंचाईच्या व्यवसायांशी निगडित असावा लागतो. आजची टंचाई शिक्षण संपेपर्यंत टिकेल, याची हमी कोण देणार?

जर्मनीने याबाबतीत अधिक शहाणपणा दाखविला आहे. २०१२ च्या कायद्याने परदेशी पात्रता तपासून घेण्याचा हक्क तेथे मिळाला. पात्रता अपुरी ठरली तर नेमके काय उणे आहे ते लेखी सांगितले जाते आणि पूरक प्रशिक्षणाने ती उणीव भरून काढता येते. पाहुण्याला दारातून परत पाठविण्यापेक्षा उंबरठा कसा ओलांडावा हे दाखविणे केव्हाही श्रेयस्कर.

हे तत्त्व गोमंतकाला नवे नाही. मुंबईत धोबी तलावाच्या आसमंतात आमच्या ख्रिस्ती बांधवांनी गावोगावचे कूड उभारले. बोटीवर नोकरी शोधणाऱ्या नवख्या तरुणाला तेथे पथारी मिळे, आणि कोणत्या कंपनीत भरती आहे याची वार्ताही मिळे. ओळखीचा हा आधार पदवीइतकाच मोलाचा होता.

शुल्क घेणाऱ्या देशाने मार्गदर्शनाचे, भाषेचे आणि पूरक प्रशिक्षणाचे दायित्वही पत्करले पाहिजे. ते दान नव्हे, घेतलेल्या पैशाची परतफेड आहे. आपल्या महाविद्यालयांनीही दलालांच्या मेळाव्यांना सभागृहे देण्याऐवजी परदेशी नियमांची विश्वसनीय माहिती देणारा कक्ष उघडावा. आणि पालकांनी जमिनीच्या कागदावर सही करण्यापूर्वी एवढेच विचारावे: हा अभ्यासक्रम संपल्यावर तेथे काम करण्याचा परवाना मिळेल काय? उत्तर लेखी नसेल, तर कागद परत कपाटात ठेवावा.