श्रवण झालें, मननाचें काय?

विद्या आतां घरबसल्या मिळते, असें हल्लीं जो तो म्हणतो. या म्हणण्यांत तथ्य किती आणि त्यामुळें आपल्या घरांवर कोणती जबाबदारी येते, याचा विचार या महिन्यांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यांतील महाविद्यालयें ज्या अमरावती विद्यापीठाच्या कक्षेंत येतात, तें १९८३ सालीं स्थापन झालें. पुढच्याच वर्षीं, १५ ऑगस्ट १९८४ पासून, विद्यापीठ अनुदान आयोगानें दूरदर्शनवर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकरितां पाठ दाखविण्यास आरंभ केला. २००४ सालीं केवळ शिक्षणासाठीं ‘एज्युसॅट’ नांवाचा उपग्रह सोडण्यांत आला. ९ जुलै २०१७ रोजीं केंद्र सरकारनें ‘स्वयं’ हें शिक्षणपीठ आणि ‘स्वयंप्रभा’च्या ३२ दूरचित्रवाहिन्या सुरू केल्या. मार्च २०२० मध्यें महामारीमुळें वर्ग बंद झाले, तेव्हां हौसेची गोष्ट निकडीची झाली.

या साधनांचे गुण मोकळ्या मनानें मान्य केले पाहिजेत. हृदयाच्या झडपांची उघडझाप आम्ही खडूनें फळ्यावर कितीहि रेखाटली, तरी ती हलत नसे. चित्रफितींत ती डोळ्यांस दिसते. तीच गोष्ट चौथ्यांदां विचारावयास विद्यार्थी शिक्षकासमोर संकोचतो. यंत्रापुढें तसा संकोच उरत नाहीं. ‘स्वयं’वरील पाठ विनामूल्य पाहतां येतात, प्रमाणपत्र हवें असल्यास मात्र शुल्क भरून परीक्षा द्यावी लागते. २०२१ च्या नियमांप्रमाणें एका सत्रांतील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक या मार्गानें मिळविण्यास विद्यापीठ परवानगी देऊं शकतें.

परंतु आपल्या शास्त्रकारांनीं ज्ञानाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: श्रवण, मनन आणि निदिध्यासन. यंत्रानें पहिली पायरी सोपी केली. दुसरी चढावयाची ती ज्याची त्यानेंच. झरी-जामणीकडील एखाद्या विद्यार्थ्याची घरची भाषा कोलामी असते, मराठी तो शाळेंत शिकतो, आणि उच्च शिक्षणाचीं पुष्कळशीं व्याख्यानें असतात इंग्रजींत. तो ऐकतो सर्व, पण अडतो कोठें हें त्याच्या जवळचा प्राध्यापकच ओळखूं शकतो. म्हणून व्याख्यान घरीं ऐकवावें आणि वर्गाचा तास शंकानिरसनास द्यावा, असें आम्हांस वाटतें. असें केल्यास प्राध्यापकाचें काम कमी होणार नाहीं; उलट तें अधिक अवघड आणि अधिक मोलाचें होईल.

आतां घराकडे वळूं. एकत्र कुटुंबांत चिरंजीव कानाला यंत्र लावून बसले, तर सारे घर हळू बोलतें. तोच पाठ सूनबाई ऐकूं लागल्या, तर पांच मिनिटांत कोणाला तरी चहा हवा असतो. पदवी अर्धी टाकून सासरीं आलेल्या मुली आपल्यांत थोड्या नाहींत. विद्यापीठ त्यांच्या माजघरापर्यंत आलें. पण माजघरानें त्यांना तासभर मोकळें सोडलें नाहीं, तर त्या उपग्रहाचा त्यांना काय उपयोग? ‘स्वयंप्रभा’ची योजनाच अशी आहे कीं, रोज निदान चार तासांचे नवे पाठ दाखवावे आणि तेच दिवसांतून आणखी पांच वेळां फिरून दाखवावे. सोयीची वेळ निवडतां येते. ती वेळ राखून देणें मात्र घरांतील वडील मंडळींच्या हातीं आहे.

आमची वाचकांस एवढीच सूचना आहे. घरांत जो कोणी शिकत असेल, मग तो मुलगा असो, मुलगी असो वा सून असो, त्याला रोज एक तास अभंग द्यावा. त्या तासापुरती मालिका बंद ठेवावी आणि चहा ज्याचा त्यानें करून घ्यावा. मग एखाद्या वडीलधाऱ्यानें जवळ बसून विचारावें, “आज काय ऐकलेंस? तुझ्या शब्दांत सांग बरें.” विचारणाराला तो विषय येत नसला तरी चालेल. सांगतां सांगतां जेथें वाणी अडखळेल, तेथेंच शिकणाराला आपली शंका सांपडेल. आणि दुसऱ्या दिवशीं प्राध्यापकांना काय विचारावयाचें, हें त्याला आपोआप कळेल.