पथ्याची पाककृती कोण लिहिणार?

औषधाच्या चिठ्ठीवर आपण मात्रा लिहितो, अनुपान लिहितो, औषध जेवणापूर्वी घ्यावे की नंतर तेही लिहितो. पथ्याच्या जागी मात्र 'हलका आहार' एवढे दोनच शब्द लिहून मोकळे होतो. मग रुग्णाचे नातेवाईक औषध दुकानदारालाच विचारतात, 'मुगाचे कढण म्हणजे नेमके काय करायचे?' ज्या घरात जाणती आजी आहे तेथे उत्तर मिळते; जेथे नाही तेथे पथ्य म्हणून बिस्किटाचा पुडा जातो. म्हणूनच पाकपुस्तकांचा प्रश्न हा केवळ गृहिणींचा वा प्रकाशकांचा नसून आपल्या व्यवसायाचाही आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वैद्यक आणि पाकशास्त्र यांची अशी फारकत पूर्वी नव्हती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २७ वा आणि सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ४६ वा अध्याय अन्नपानविधीलाच वाहिलेला आहे. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त यांनी 'भोजनकुतूहल' या संस्कृत ग्रंथात पदार्थांचा विचार त्यांच्या गुणदोषांसह केला. मराठीत लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र' १९१० साली आले. पुढे १९७० साली कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' प्रसिद्ध झाली. सांगली जिल्ह्यातील कुंडलच्या या लेखिकेचे शालेय शिक्षण अल्प होते. परंतु वाटी आणि चमचा ही घराघरांतील मापे वापरून त्यांनी नवख्या हातांनाही स्वयंपाक शिकविला. शास्त्र सामान्यांपर्यंत कसे न्यावे, याचा हा धडा आपणही गिरविण्यासारखा आहे.

तथापि, चरकांनी विमानस्थानात सांगितलेली आठ आहारविधिविशेषायतने समोर ठेवून आजची पाकपुस्तके तपासली, तर उणीव लक्षात येते. करण, म्हणजे पदार्थावरील संस्कार, त्यांत तपशिलाने असतो. संयोगाचा विचार असतो, पण तो चवीपुरता. त्यामुळे दुधात आंबट फळे घालणे किंवा मध तापविणे या गोष्टी निःशंकपणे सुचविल्या जातात. किती शिजवावे हे लिहिलेले असते. किती खावे, म्हणजे राशी, हे नसते. देश, काल आणि उपयोक्ता यांचे रकाने तर बहुधा कोरेच राहतात. आठ वर्षांचे मूल, कष्टकरी तरुण आणि सत्तरीतले आजोबा या तिघांसाठी एकच कृती, हे वयानुसार दोषांचे प्राबल्य मानणाऱ्या शास्त्राला कसे पटावे?

'पाकपुस्तक चवीसाठी असते, औषधासाठी नव्हे,' असा आक्षेप यावर घेतला जाईल. परंतु बेचव पथ्य दोन दिवसांपलीकडे कोणी पाळत नाही, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. रुची ही पथ्याची वैरीण नसून सखी आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. छापील पुस्तकांत ज्यांची चूल दिसते, त्याच घरांतून आपले सर्व रुग्ण येतात असे नाही. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ सालच्या पुस्तकात मराठवाड्यातील दलितांचे अन्न नोंदवून ही पोकळी दाखवून दिली. शेतमजुराच्या घरी काय शिजते हे ठाऊक नसताना त्याला पथ्य सांगणे म्हणजे अंधारात बाण मारणे होय.

जयसिंगपूर ही राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या नावे वसविलेली बाजारपेठ. शिरोळ तालुक्यातील गावोगावचे रुग्ण येथे येतात. जोंधळ्याची भाकरी आणि आंबील, हुलग्याचे माडगे, खपली गव्हाची खीर, ताक, लाह्या हे त्यांच्या ओळखीचे अन्न. पथ्य याच अन्नातून उभे राहिले पाहिजे.

यास्तव संघटनेने एक छोटी पुस्तिका सिद्ध करावी, असे मी सुचवितो. मंड, पेया, विलेपी आणि यूष यांच्या कृती त्यात वाटीच्या मापाने द्याव्यात. मंडाला तांदळाच्या चौदापट आणि विलेपीला चौपट पाणी, हे शास्त्रवचन 'एका वाटीला इतक्या वाट्या' असे लिहिले की सुनेलाच काय, मुलालाही कळते. प्रत्येक कृतीखाली ती कोणाला, कोणत्या ऋतूत, किती आणि कोणाला वर्ज्य, या चार ओळी असाव्यात. वृद्धांसाठी अक्षर ठळक असावे. मुलांसाठी चित्रे आणि विस्तवाशिवाय करता येतील अशा दोन-चार कृती असाव्यात. रोग बरा करण्याचे दावे मात्र कटाक्षाने टाळावेत; मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी वैद्याला विचारूनच बदल करावा, ही सूचना ठळकपणे छापावी. गावोगावच्या जाणत्या स्त्रियांकडून कृती घ्याव्यात आणि त्यांच्या संमतीने त्यांची नावेही द्यावीत.

औषध दुकानदार बंधूंनी ही पुस्तिका गल्ल्यापाशी ठेवावी. वैद्यांनी चिठ्ठीवर 'हलका आहार' ऐवजी तिचा पृष्ठक्रमांक लिहावा. तेवढ्याने चिठ्ठी पूर्ण होईल.